सरळ रेघ

ताकुआरेम्बोच्या माळावर
डांबरी रस्ता संपल्यावर पुढे अठरा किलोमीटर,
सत्तावन्न नंबरची शाळा.
मुलं अकरा, इयत्ता सहा, शिक्षक एक.
ती मी.
कुंपणाच्या तारेला बांधलेले चार घोडे
आणि एक तट्टू, ज्याच्यावरून दोघी बहिणी येतात.

लॅपटॉप आले त्या दिवशी
मुलांनी आधी खोक्यातलं थर्माकोल पळवलं,
चुरून चुरून त्याचं बर्फ केलं.
बर्फ इथे कुणी पाहिलेलंच नाही.
मी ओरडले.
मग सगळे गेल्यावर
मीही एक मूठ उधळून पाहिली.

नेटवर्क यायचं फक्त पाण्याच्या टाकीखाली.
मधल्या सुट्टीत तिथे अशी दाटी
की मेंढ्याही यायच्या,
काही खायला मिळतंय का बघायला.

खोटं कशाला बोलू, मला ते सोयीचं होतं.
तिसरीला व्हिडिओ लावून द्यायचा,
पाचवीचे अपूर्णांक उरकायचे.
वर्ग गप्प म्हणजे वर्ग शिकतोय,
अशी मी माझीच समजूत घालत होते.

एकदा देवमासा दाखवला,
समुद्रापासून चारशे किलोमीटर आत.
साडेतीन मिनिटं सगळे आ वासून.
देल्मिरा म्हणाली,
बाई, त्याला वास कसला येतो?
मी म्हटलं, माशाचा.
आणि पुढच्या धड्याकडे वळले.
ते उत्तर अजून
काट्यासारखं घशात आहे.

ऑगस्टमध्ये ठरलं,
शाळेचे आवाज गोळा करायचे
आणि साल्तोच्या एका शाळेला पाठवायचे.
कुणी पंप आणला, कुणी घोड्याचं फुरफुरणं,
कुणी निलगिरीतला वारा, निम्मा खोकल्यासकट.
आदेमार काहीच बोलला नाही.
तो दिवसाकाठी चार शब्द बोलतो,
त्यातले दोन तट्टूशी.
त्याने यंत्र खिडकीत ठेवलं
आणि माझा गणिताचा अख्खा तास
तसाच वाहू दिला.

पडद्यावर आवाज दिसतो,
हे मला ठाऊक नव्हतं.
डोंगर दिसतात, कडे दिसतात.
हा डोंगर कुणाचा? मी विचारलं.
तुमचा, बाई.
हा?
तोही तुमचाच.
आणि मधली ही सरळ रेघ?
आदेमारने खिडकीबाहेर बघत सांगितलं,
ते आम्ही.

कुणी हसलं नाही.
त्यांच्या दृष्टीने ती नुसती माहिती होती.

संध्याकाळी एकटी बसले.
माते गार होऊन कडू झाला,
नळी तोंडात तशीच.
बोट ठेवून मोजलं:
माझा प्रश्न, एक सेकंद, माझंच उत्तर.
प्रश्न, सेकंदाहून जरासं जास्त, उत्तर.
बावीस वर्षं
एवढीशी फट ठेवत आले मी दारात,
आणि म्हणत आले, पोरं बाहेरच येत नाहीत.
एवढ्या वेळात
तट्टू तरी वळतं का?

नोव्हेंबरात निरीक्षक आले.
उपकरणं आठवड्याला किती तास वापरता?
मी आकडा सांगितला.
त्यांनी लिहिलं, समाधानकारक.
ज्या एका तासाने मला उघडं पाडलं,
त्याच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

आता मी विचारते आणि थांबते.
जिभेने दात मोजत थांबते.
सोपं नाही. ती शांतता
आधी मलाच घाबरवते.
कधी कधी थांबूनही काही येत नाही,
नुसता पंप ऐकू येतो,
आणि मी पुन्हा बोलून टाकते.

परवा देवमाशाकडे परत गेलो.
देल्मिरा, मी म्हटलं,
तेव्हा मी काहीतरीच सांगितलं होतं.
मला माहीत नाही त्याला वास कसला येतो.
कुणाला काय वाटतं?

सात. आठ. बाहेर घोड्याने पाय आपटला. नऊ.

पाण्याखाली, आदेमार म्हणाला,
वास येतो का?

अकरा तोंडं माझ्याकडे वळली.
मी काही बोलले नाही.
खिडकीत त्या दिवशी यंत्र नव्हतं.
रेघ कशी उमटली असती,
कुणास ठाऊक.